पाठलाग करणाऱ्यानेच मुलीचा जीव घेतला. खटला सरकार लढतंय, मग घरच्यांनी काय करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या मामेबहिणीच्या मागे जुन्या नोकरीतला एक सहकारी दीड वर्ष लागला होता. घरचे दोनदा पोलीस ठाण्यात जाऊन आले. पहिल्यांदा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली. दुसऱ्यांदा त्याला बोलावून माफीनामा लिहून घेतला आणि समज देऊन सोडलं. गेल्या महिन्यात त्याने तिचा खून केला. तो अटकेत आहे आणि तपास अधिकारी म्हणतात, "खुनाचं कलम लावलंय, आता पाठलागाचं काय घेऊन बसलात?" तुम्हाला विचारायचंय की स्वतःचा वकील द्यावा का, तिच्या फोनचं काय करायचं, तेव्हा हात झटकणाऱ्या पोलिसांवर काही होतं का, आणि मामांना साक्षीला उभं राहावं लागेल का.

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजूला वकिली करते, बहुतेकदा फिर्यादीच्या घरच्यांतर्फे. तपास अधिकाऱ्यांच्या त्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमचं पुढचं सगळं काम त्यातून निघतं.

शिक्षेच्या हिशेबाने पाहिलं तर ते वाक्य खोटं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाला पहिल्या वेळी जास्तीत जास्त तीन वर्षं, पुन्हा दोषी ठरला तर पाच. खुनाला जन्मठेप किंवा फाशी. मग ७८ लावून काय मिळतं? मिळतं ते हे की तिचं दीड वर्ष खटल्याच्या कागदावर येतं. ते आलं नाही तर कोर्टापुढे फक्त खुनाचा दिवस उरतो आणि त्या एका दिवसाबद्दल बचाव पक्ष काय सांगणार ते मी आजच सांगू शकते. दोघांची ओळख होती, बोलाचाली झाली, तिने काहीतरी लागेल असं बोललं, रागाच्या भरात घडलं. अचानक चिथावणी किंवा अचानक भांडण हे खुनाचे अपवाद आहेत. ते मान्य झाले तर खुनाचा सदोष मनुष्यवध होतो आणि शिक्षा खाली येते. याला उत्तर एकच, की अचानक काहीच घडलेलं नाही, हे अमुक तारखेपासून चालू होतं, ती नको म्हणत होती आणि याला ते माहीत होतं. ही बाजू पोलीस आपणहून मांडतीलच असं नाही. त्यांना घटनास्थळ, हत्यार, रक्ताचे डाग, शेवटचं लोकेशन एवढं पुरेसं वाटतं. मागचं दीड वर्ष उभं करणं घरच्यांच्याच अंगावर येतं.

प्रियदर्शिनी मट्टूचा खटला यासाठी माहीत असावा. दिल्लीत कायद्याचं शिक्षण घेणारी ही मुलगी १९९५ मध्ये त्याच विद्यापीठातल्या एका मुलाविरुद्ध पुन्हा पुन्हा पोलिसांत गेली होती. 'पुन्हा त्रास देणार नाही' असं त्याच्याकडून लिहून घेतलं गेलं होतं. तिला सुरक्षेसाठी पोलीसही दिला होता. जानेवारी १९९६ मध्ये तिचा बलात्कार करून खून झाला. आरोपी एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा होता. डिसेंबर १९९९ मध्ये तो सुटला, आणि सोडताना न्यायाधीशांनी गुन्हा यानेच केला हे आपल्याला ठाऊक आहे अशा अर्थाचं लिहिलं. ऑक्टोबर २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं. तेव्हा इतर पुराव्यांबरोबर तिच्या त्या जुन्या तक्रारी आणि त्याने लिहून दिलेली हमीपत्रंही वजनात धरली गेली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली, दोष कायम ठेवला. जिवंतपणी जे कागद तिला वाचवू शकले नाहीत, तेच दहा वर्षांनी तिच्या बाजूने बोलले.

तेव्हा तुमच्याकडची एनसीची प्रत आणि तो माफीनामा जपा. प्रत नसेल तर ठाण्यात लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. माफीनाम्यावर बचाव पक्ष हरकत घेईल, पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात चालत नाही म्हणून. घेऊ दे. त्या दिवशी त्याला ठाण्यात बोलावलं होतं, तिची तक्रार त्याला कळली होती आणि त्यानंतरही त्याने तिला गाठलं, या गोष्टी इतर मार्गांनीही सिद्ध होतात. स्टेशन डायरीची नोंद, बोलावणारा हवालदार, त्यानंतरचे कॉल.

आता फोन. तो पोलिसांनी पंचनाम्याने ताब्यात घेतला नसेल तर घ्यायला लावा. तोवर कुणी उघडून चाळू नका. पासवर्डचे अंदाज मारत बसू नका. तिच्या सिमचं रिचार्ज मात्र चालू ठेवा. हे कुणाच्या लक्षात येत नाही. नंबर बंद पडला की काही महिन्यांनी दुसऱ्याच कुणाला मिळतो, आणि व्हॉट्सअॅपचं खातं १२० दिवस वापरात नसलं की साधारणपणे पुसलं जातं. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकला कळवून तिचं खातं स्मृतिखातं करण्याची घाई करू नका, त्यानंतर त्यात कुणालाच लॉगिन करता येत नाही. ज्या मैत्रिणींना ती स्क्रीनशॉट पाठवायची, त्यांनी ते आपापल्या फोनमध्ये आहेत तसे ठेवावेत, फोन बदलू नयेत. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग ज्याच्या फोनमधला पुरावा आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. जुन्या कायद्यातलं असंच प्रमाणपत्र बंधनकारक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्यातल्या निवडणूक वादात, खोतकर-गोरंट्याल प्रकरणात, स्पष्ट केलं. एवढ्या एका कागदावाचून चांगला पुरावा बाजूला पडताना मी पाहिलाय.

कॉलच्या नोंदी मोबाइल कंपन्यांना किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात, त्यामुळे तिथे थोडा श्वास आहे. सीसीटीव्हीचं तसं नाही. सोसायटी, दुकान, तिचं ऑफिस, बहुतेक ठिकाणी पंधरा दिवस ते महिनाभरात जुन्यावर नवं चढतं. तुमच्याकडे महिना होत आलाय, म्हणजे हे काम आजचं आहे. तपास अधिकाऱ्याला लेखी द्या, कुठला कॅमेरा, कुठली तारीख, कुठली वेळ. ऐकलं नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना आणि मग दंडाधिकाऱ्यांकडे.

एक अवघड गोष्ट आताच बोलते. तिच्या चॅटमध्ये असेही दिवस सापडतील जेव्हा ती त्याच्याशी नीट बोलत होती. कदाचित हसतखेळत. कदाचित त्याहून जवळचंही. घरातलं कुणीतरी म्हणेल, तेवढं काढून टाका, मुलीची बदनामी नको. काढू नका. पुसलेलं न्यायवैद्यक प्रयोगशाळेत परत मिळू शकतं, शिवाय त्याच्या फोनमध्ये ते आहेच. उलटतपासात वकील विचारेल, "मधले तीन आठवडे कुठे गेले?" आणि मग उरलेल्या खऱ्या चॅटवरही संशय येईल. कलम ७८ ला ती आधी कधीच बोलली नव्हती असं लागत नाही. लागतं ते हे की तिने नको म्हटल्यावरही तो थांबला नाही. ती 'नको' ची तारीख शोधा. एखादा मेसेज असेल, ब्लॉक केल्याची खूण असेल, मैत्रिणीला "आता पुरे झालं" असं लिहिलेलं असेल.

मेलेल्या माणसाचे शब्द साक्षीत येतात का, असं तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल. मृत्यूचं कारण किंवा मृत्यू ज्या घटनाक्रमातून झाला त्याबद्दल तिने बोललेलं, लिहिलेलं साक्ष अधिनियमाच्या कलम २६ खाली येऊ शकतं. यावर वाद झडतो तो किती जुनं चालेल यावर. १९८४ चा शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा पुण्याचा खटला या मुद्द्यावर आजही निघतो. त्यात मृत विवाहितेने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं होती. तो आरोपी सुटला, कारण परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी पूर्ण नव्हती. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा. तिचे शब्द महत्त्वाचे, पण नुसत्या शब्दांवर खटला उभा राहत नाही.

वकिलाचं म्हणाल तर हो, द्या. खटला सरकारी वकीलच चालवणार, तुमचा वकील त्यांच्या देखरेखीखाली मदत करेल आणि लेखी युक्तिवाद देऊ शकेल. साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची अपेक्षा त्याच्याकडून धरू नका. मग उपयोग काय? नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे तपास आणि खटला कसा चालवायचा त्या कायद्यात, दोषारोपपत्राची प्रत पीडिताला फुकट मिळते, पण वकील दिलेला असेल तर. आणि कायद्यात 'पीडित' म्हणजे तिचे वारसही, म्हणजे मामा-मामी. जामीन अर्जाची तारीख कळणं, त्यावर म्हणणं मांडणं, हे वकिलाशिवाय घरच्यांना जमत नाही. शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या लखीमपूर खेरी प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीडितांना प्रत्येक टप्प्यावर ऐकलं पाहिजे असं म्हटलंय, पण आवाज देऊन कुणी आत बोलावत नाही. तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवायला पोलीस बांधील आहेत. खुनाच्या गुन्ह्यात दोषारोपपत्रालाही अटकेतले ९० दिवसच असतात, ते चुकले की आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. कॅलेंडरवर तो दिवस लिहून ठेवा आणि ७८ चं कलम त्याआधी वाढवून मागा. दोषारोपपत्रात राहिलं तर पुढील तपासासाठी अर्ज करता येतो, पण तो डोंगर मोठा.

विशेष सरकारी वकील मागता येतो. हिंगणघाटच्या प्राध्यापिकेला फेब्रुवारी २०२० मध्ये भररस्त्यात जाळलं गेलं, त्या खटल्यात उज्ज्वल निकम होते आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये जन्मठेप झाली. पण त्या प्रकरणाने अख्खा महाराष्ट्र रस्त्यावर आला होता. तुमच्या कोर्टातला नेहमीचा सरकारी वकील तयारीचा असेल तर त्यालाच नीट फाइल करून द्या. तारीखवार यादी, प्रत्येक घटनेपुढे तिचा साक्षीदार किंवा कागद. त्यांच्यापुढे रोज ढीगभर फायली असतात, अशी यादी देणारं कुटुंब त्यांच्या लक्षात राहतं. मैत्रिणींचे जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली घ्यायला सांगा. दोन-तीन वर्षांनी लग्न होतं, गाव बदलतं, सासरचे नको म्हणतात, आणि साक्षीदार फितूर होतो. आरोपीच्या माणसांनी कुणाला धमकावलं तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेत अर्ज करता येतो, त्याची समिती जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली असते.

पोलिसांवर कारवाई. इथे मी तुम्हाला फार आशा लावणार नाही. पाठलाग हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात, त्यामुळे तो एनसीत घालणं चूकच होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालानंतर, म्हणजे २०१३ पासून, दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवायलाच हवा. पण एफआयआर न घेणाऱ्या अधिकाऱ्याला तुरुंगवास सांगणारं जे कलम आहे, न्याय संहितेचं १९९, त्याच्या यादीत विनयभंगाचं ७४ आहे, अश्लील शब्द-हावभावांचं ७९ आहे, पाठलागाचं ७८ नाही. ही मोठी फट आहे आणि ती जुन्या कायद्यातून जशीच्या तशी आली. तिने तक्रारीत हात धरल्याचं किंवा अश्लील बोलल्याचं लिहिलं असेल तर मार्ग उघडतो, म्हणून ती एनसी शब्दन् शब्द वाचा. एरवी खातेनिहाय चौकशीसाठी अर्ज आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. माझा सल्ला विचाराल तर हे करा, पण खटल्याच्या साक्षी होईपर्यंत हा विषय पुढे आणू नका. ज्या ठाण्याने चूक केली तेच ठाणं आज तपास करत असेल, तर तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे किंवा गुन्हे शाखेकडे मागा. ती मागणी आधीची.

निकाल विरोधात गेला तर वरच्या कोर्टात जायला आज कुणाच्या मर्जीवर राहावं लागत नाही. मट्टू कुटुंबाच्या वेळी सुटकेविरुद्धचं अपील सीबीआयने केलं म्हणून झालं, घरच्यांना स्वतःचा असा हक्क नव्हता. तो ३१ डिसेंबर २००९ पासून आला. भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज करा, निकालापर्यंत थांबायची गरज नाही.

मामांबद्दल. ठाण्यात दोन्ही वेळा तिच्याबरोबर ते गेले असतील तर त्यांची साक्ष लागणारच, त्यांच्याऐवजी तुम्ही चालणार नाही. त्यांनी सांगायचं तेवढंच, जे स्वतः पाहिलं, ऐकलं. "तिचे आणि त्याचे संबंध होते हे खरं ना?" हा प्रश्न येईलच, तो घरात आधी एकदा ऐकून घेतलेला बरा, कोर्टात पहिल्यांदा कानावर पडायला नको. "मला माहीत नाही" हे पूर्ण उत्तर आहे, ते द्यायला लाजू नये. सरकारी वकिलांना सांगून त्यांची साक्ष सुरुवातीच्या साक्षीदारांत घ्यायला लावा आणि आदल्या दिवशी त्यांचा पोलिसांपुढचा जबाब त्यांना वाचून दाखवा. मामींचा जबाब झालाय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. झाला नसेल तर उद्याच द्यायला लावा. रात्री अकराला येणारे अनोळखी नंबरचे फोन घरात बहुधा आईच उचलत असते.