पानामागचे पांढरे कण

प्रश्न : मॅडम, नमस्कार. माझी चार एकर पऱ्हाटी (कपाशी) आहे. पान उलटवलं की हिरवा-पिवळा मावा दिसतो आणि त्यातच पांढरे बारीक कण. ती अंडी समजून दोन फवारे मारले, कण तसेच आहेत. आता काही माव्यांना पंखही आहेत. हा निराळा किडा आहे का? अंडी मारणारं औषध कोणतं? आणि बियाणं बीटी असून मावा येतोच कसा?
– एक शेतकरी, कळंब तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, ती अंडी नाहीत. त्या माव्यानं टाकलेल्या काती आहेत. पिलू मोठं होताना चारदा कात टाकतं आणि ती पानालाच चिकटून राहते. फवाऱ्यानं कात मरणार कशी? अंड्यांसाठी औषध शोधू नका, पैसे वाया जातील.

कपाशीवरच्या या माव्याचं शास्त्रीय नाव एफिस गॉसिपी. आपल्याकडच्या उष्ण हवेत तो वर्षभर नराविनाच वाढतो. मादी थेट पिलं देते, आणि तीही सगळ्या माद्याच. थंड देशांत हिवाळ्याआधी नर होतात, अंडी घातली जातात. आपल्याला ते दिसत नाही. मी देवळीजवळच्या आमच्या वावरात दहापट भिंगातून पहिल्यांदा एका मादीला विताना पाहिलं. पिलू मागच्या बाजूनं बाहेर येतं, डोकं सगळ्यात शेवटी. पाय आधी अंगाला चिकटलेले, मग एकेक सुटतात, आणि थोड्याच वेळात ते पानात सोंड खुपसतं. धुऱ्यावर किती वेळ वाकून बसले होते, माझं मलाच कळलं नाही. त्या नव्या पिलाच्या पोटातही पुढची पिलं घडायला लागलेली असतात. आई, लेक आणि नात एकाच अंगात! उबदार हवेत आठवड्याभरात तीच लेक स्वतः विते. दोन फवाऱ्यांनंतर पुन्हा पान भरलं, त्याचं कारण हेच.

भिंग नसेल तर घड्याळजीकडचं घ्या. मावा एक ते दोन मिलिमीटरचा, नासपतीसारखा. कडक उन्हात लहान आणि पिवळा, गारव्यात मोठा आणि गर्द हिरवा, जात एकच. पाठीच्या मागच्या भागात दोन काळ्या नळ्या दिसतील. पुष्कळांना वाटतं, पानावरचा गोड चिकट थर, म्हणजे चिकटा, त्यातूनच येतो. तसं नाही. नळ्यांतून संकटाच्या वेळी थेंब निघतो, त्याच्या वासानं शेजारचे सावध होतात. चिकटा म्हणजे त्याची विष्ठा. झाडाच्या रसात साखर फार, ती जिरत नाही, ती तो बाहेर टाकतो. त्यावर मुंग्या येतात, आणि पुढे पानावर काळी बुरशी धरते.

पंखवालेही त्याच माव्याचे. पानावर दाटी झाली, रस कमी पडला की पंखाची पिढी तयार होते. थोराड पिलांच्या खांद्यावर पंखाचे फुगवटे दिसतात. ते उडून भेंडी, काकडीवर जातात. तुमच्या पऱ्हाटीशेजारी भेंडी असेल तर तिचीही पानं उलटून पाहा.

बीटी बियाण्याच्या झाडात तयार होणारं प्रथिन बोंडअळी मारण्यासाठी आहे, रसशोषक किडीवर ते चालत नाही. युरिया मात्र आवरा. कोवळं, रसाळ पान माव्याला हवंच असतं.

आता फवाऱ्याबद्दल. एका वर्षी मीही पोळ्याच्या आदल्या दिवशी घाईनं औषध मारलं. दुसऱ्या दिवशी पऱ्हाटीच्या ओळींत ढालकिडे (मावा खाणारे लेडीबर्ड भुंगेरे) मरून पडलेले, आणि पंधरवड्यात मावा परत. म्हणून कळकळीनं सांगते, आधी पान पाहा. काळसर, नारिंगी ठिपक्यांची, लांबट अळी दिसली तर चिरडू नका, ते ढालकिड्याचं पिलू आहे, मावा खाऊनच मोठं होतं. ते भरपूर असतील तर थांबा. मावा वाढतच राहिला तर पाच टक्के निंबोळी अर्क, तोही पानाच्या खालून.

आणखी एक. काही मावे फुगून सोनेरी-तपकिरी होतात, हलत नाहीत. तो रोग नाही. बारीक गांधीलमाशीनं त्यात अंडं घातलं आहे, आत तिची अळी माव्याला पोखरते आहे. असं एक पान तोडून बाटलीत ठेवा, तोंडाला पातळ कापड बांधा. काही दिवसांत गोल भोक पाडून माशी निघेल. तिला त्याच पऱ्हाटीत सोडून द्या.