लेथवरचे हरवलेले ऑइलर आणि तेलाच्या लपलेल्या जागा

प्रश्न : घरच्या कामासाठी मी इंची मापाचा एक जुना बेंच लेथ घेतला आहे. सॅडलवरचे (बेडवर, म्हणजे लेथच्या लांब पायावर, सरकणाऱ्या भागावरचे) दोन छर्ऱ्याचे ऑइलर (तेल घालायची छोटी तोंडे, ज्यांत स्प्रिंगवर छर्रा असतो) गायब आहेत आणि भोकांत बिडाचा कीस व गाळ भरला आहे. लीडस्क्रूच्या (सॅडल सरकवणाऱ्या लांब स्क्रूच्या) ब्रॅकेटवरील ऑइलरचा छर्रा आत रुतला आहे. बाजारात 6 मि.मी.चे ऑइलर मिळाले, पण ते भोकांत सैल बसतात. त्याऐवजी आटे पाडून ग्रीस निपल (ग्रीस गन लावायचे तोंड) बसवले तर चालेल का? तेल देण्याच्या सगळ्या जागा सापडल्या, याची खात्री कशी करावी?
— एक वाचक, कराड

उत्तर : ग्रीस निपल कृपया बसवू नका. लेथच्या सरकत्या भागांना तेल देण्यामागे वंगणाबरोबरच आत शिरलेला बारीक कीस बाहेर वाहून नेणे हाही हेतू असतो. ग्रीस तो कीस धरून ठेवते आणि काही दिवसांत बेडवर घासणारा लेपच तयार होतो. तेलवाटेत लोकरी वात असेल, तर ती ग्रीसने कायमची बुजते. काही यंत्रांवर, उदाहरणार्थ इंग्लंडच्या मायफोर्ड एमएल 7 वर, निपलसारखे दिसणारे तोंड असते, परंतु तेही तेलाच्या गनसाठीच आहे. तेव्हा केवळ आकारावरून ग्रीस भरण्याचा निर्णय घेऊ नये.

ऑइलर सैल बसण्याचे कारण बहुधा मापातच आहे. आपला लेथ इंची आहे, म्हणजे भोक पाव इंचाचे, अर्थात 6.35 मि.मी.चे असावे, त्यात 6 मि.मी.चा ऑइलर घट्ट बसणारच नाही. म्हणून जुन्या ऑइलरवरून अंदाज न बांधता भोकच मोजावे. बारीक भोकात व्हर्नियरचे जबडे फसवे माप दाखवतात, त्यामुळे ड्रिलची पाठ घालून पाहणे अधिक भरवशाचे ठरते. पाव इंची ऑइलर आजही बनतात. स्थानिक दुकानात नसतील तर ऑनलाइन मागवावेत. भोक वाढवून 8 मि.मी.चा ऑइलर बसवणे हा दुसरा मार्ग आहे, पण भोवतीचे बीड पुरेसे जाड असेल आणि तो भाग यंत्रावरून उतरवता येत असेल तरच तो पत्करावा, कारण जागेवर ड्रिल चालवले तर सगळा कीस थेट घासणाऱ्या पृष्ठभागावर जातो. भोक मुळातच 5/16 इंचाचे, म्हणजे 7.94 मि.मी. निघाले, तर 8 मि.मी.चा ऑइलर चकमध्ये हलका धरून पॉलिश पेपरने किंचित उतरवला की काम होते.

रुतलेल्या छर्ऱ्यावर आधी रॉकेल सोडून रात्रभर ठेवावे. वाळलेल्या तेलानेच तो अडकला असेल तर सुटेल. स्प्रिंग मोडली असेल तर मात्र ऑइलर काढावाच लागेल. छर्रा खाली दबलेला असल्याने पितळी तोंडात बारीक सेल्फ टॅपिंग स्क्रू दोन-तीन आटे पिळता येतो. तो पकडीने सरळ वर ओढला की ऑइलर निघतो. छर्रा आत निसटलाच, तर तो पोलादी असल्यामुळे चुंबकाला लागतो.

खरी मेहनत यानंतरची आहे आणि ती टाळून नवा ऑइलर बसवण्यात काहीही अर्थ नाही. तेलवाट मऊ तांब्याच्या तारेने मोकळी करावी, सिरिंजने रॉकेल सोडून धुवावी, मग तेल सोडून दुसऱ्या टोकाला स्वच्छ तेल येईपर्यंत थांबावे. हवेच्या दाबाने फुंकू नये, कारण त्याने गाळ नेमका बेअरिंगकडे जातो. सॅडल उतरवून धुता आले तर उत्तम. ते जमले नाही, तर तेल दिल्यावर सॅडल पुढेमागे फिरवून बेडवर त्याच्या मागे सलग ओला पट्टा उमटतो का, हे पाहावे.

बसवताना हातोडी वापरू नये. सपाट पितळी तुकड्याला छर्ऱ्यापुरता खळगा करावा, म्हणजे दाब फक्त कडेवर येईल, आणि व्हाइसमध्ये किंवा सी-क्लँपने ऑइलर हळूहळू दाबावा. दोन-तीन शतांश मि.मी.चा घट्टपणा पुरतो. त्याहून जास्त झाला तर ब्रॅकेटचे पातळ बीड तडकते.

तेल देताना कुपीचे टोक छर्रा दाबते आणि छर्रा टोकाचे भोक बंद करतो, म्हणून तेल बाहेर ओघळते. टोकाला कानशीने एक बारीक खाच मारली की तेल आत जाते. सॅडल आणि बेडसाठी 68 ग्रेडचे (हा तेलाच्या दाटपणाचा आकडा) स्लाइडवे तेल, म्हणजे सरकत्या पृष्ठभागांसाठीचे तेल, योग्य.

राहिल्या लपलेल्या जागा. रंगाखाली बुजलेली भोके रॉकेलच्या ब्रशने घासल्यावर दिसू लागतात. जिथे एखादा भाग फिरतो किंवा सरकतो, तिथे तेलाची वाट असलीच पाहिजे, असे धरून शोधावे: लीडस्क्रूची दोन्ही टोके, गिअरच्या खुंट्या, अर्ध्या नटाची (सॅडल लीडस्क्रूला जोडणाऱ्या नटाची) दांडी, क्रॉस स्लाइडचा स्क्रू, टेलस्टॉकची नळी. सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते ती कोन पुली, म्हणजे पट्ट्यासाठी पायऱ्या असलेली पुली. बॅक गिअर (वेग कमी करणारे गिअर) लावल्यावर ती स्पिंडलवर, म्हणजे लेथच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, मोकळी फिरते, एरवी स्पिंडलबरोबरच फिरत असल्याने तिला तेल लागते हेच लक्षात येत नाही. बऱ्याच जुन्या लेथवर पुलीच्या एखाद्या पायरीवर लहान ग्रब स्क्रू (डोके नसलेला स्क्रू) असतो. पट्टा उतरवून, पुली हाताने फिरवत तो शोधावा, काढून तिथे तेलाचे काही थेंब सोडावेत आणि स्क्रू परत पृष्ठभागाच्या खाली बसवूनच पट्टा चढवावा.