खोदले की दुप्पट होणारे गवत

प्रश्न : माझ्या बागेतील गुलाब आणि शेवंतीच्या दोन वाफ्यांत गेल्या वर्षभरापासून गवत माजले आहे. दर पंधरवड्याला खुरपणी करूनही ते आटोक्यात येईना, म्हणून दोन महिन्यांपूर्वी शेवंतीचा वाफा रिकामा करून कुदळीने खोल खणला आणि ढेकळे फोडून माती बारीक केली. आता नेमक्या त्याच वाफ्यात गवत पूर्वीपेक्षा दाट आले आहे. कोणी मीठ टाका म्हणतात, कोणी तणनाशक फवारा म्हणतात. झाडांना धक्का न लावता हे गवत कसे घालवावे?

उत्तर : आपण कष्टात कसूर केलेली नाही, ते कष्ट गवताच्याच पथ्यावर पडले, इतकेच. खणल्यानंतर गवत दाट झाले, या एका गोष्टीवरून आपल्या वाफ्यात बी पडून उगवणारे साधे हंगामी गवत नसून जमिनीखालून पसरणारे बहुवर्षायू तण आहे, असा अंदाज करता येतो. अशा तणांत हराळी आणि लव्हाळा ही दोन नावे सर्वांत आधी घ्यावी लागतात, आणि दोहोंवरचे उपाय वेगळे असल्यामुळे आपल्याकडे त्यांपैकी कोण आहे, हे आधी ठरवायला हवे.

एक काडी बुडापाशी धरून बोटांत फिरवून पाहा. ती त्रिकोणी, कडा असलेली लागली आणि पाने तीन दिशांना फुटलेली दिसली, तर तो लव्हाळा आहे. तो गवतासारखा दिसला तरी गवताच्या कुळातला नाही. काडी गोलसर असून जमिनीवर सरपटत गेली असेल आणि पेरापेराला मुळे धरत असेल, तर ती हराळी समजावी.

हराळीच्या जमिनीतल्या पांढुरक्या, टणक दोऱ्यांना काश्या म्हणतात. एक काशी धुऊन हातात घेतली, तर तिच्या प्रत्येक पेरावर खवल्यासारखे आवरण आणि त्याखाली टोकदार डोळा दिसतो. कुदळीच्या एका घावात काशीचे चार तुकडे झाले, की ज्या ज्या तुकड्यावर जिवंत डोळा राहतो, तो स्वतंत्र रोप होऊ शकतो. आपण माती बारीक करताना नकळत हराळीची लागवडच केली. म्हणून येथे कुदळीऐवजी दाताळे किंवा काट्याचे फावडे वापरावे, वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना, ती खालून उचलून सैल करावी आणि काशी न तोडता तिचा माग काढत ती पूर्ण ओढून घ्यावी. हे काम वेळखाऊ आहे, पण त्याला पर्याय नाही. गुलाबाच्या मुळांत शिरलेल्या काश्या मात्र ओढू नयेत. त्यांचे वर येणारे कोंब दर आठवड्याला जमिनीलगत कापत राहावे, म्हणजे साठवलेले अन्न हळूहळू संपून त्या थकतात.

हराळीला सावली सोसत नाही, आणि हे तिचे मर्म आहे. वेचणी झाल्यावर वाफ्यावर पुठ्ठा किंवा वर्तमानपत्राचे सात-आठ थर एकमेकांवर चढवून अंथरावेत, ते भिजवावेत आणि वर वाळलेल्या पाल्याचे ७ ते १० सेंटिमीटर आच्छादन द्यावे. गुलाबाच्या खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी, अन्यथा ओलाव्याने खोड कुजते.

लव्हाळ्याचे प्रकरण अधिक चिवट आहे. त्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या जोडलेल्या असतात आणि वरचे रोप उपटले की माळ तुटून, तोवर झोपलेली पुढची गाठ जागी होते. त्याचे अणकुचीदार कोंब काळ्या प्लास्टिकच्या पातळ कागदालाही भोके पाडून वर येतात, तेव्हा पुठ्ठ्याच्या आच्छादनावर येथे विसंबू नये. मात्र गाठींना कोरडेपणा मानवत नाही. शेवंतीचा वाफा रिकामा असेल, तर कडक उन्हाच्या दिवसांत माती उलथून, पाणी पूर्ण बंद करून ती वाळू द्यावी आणि उघड्या पडलेल्या गाठी वेचाव्यात. झाडे असलेल्या वाफ्यात नवा कोंब चार-पाच पानांवर येण्यापूर्वीच गाठीसह काढावा, कारण त्यानंतर तो नव्या गाठी धरू लागतो.

मिठाचा सल्ला कृपया मनावर घेऊ नये. मिठामुळे झाडाच्या मुळांना पाणी ओढता येत नाही, मातीची घडण बिघडते, आणि गवत मेले तरी त्या जागी पुढे फुलझाडही धड वाढत नाही. व्हिनेगर फक्त वरची पाने जाळते. काशी आणि गाठ शाबूत राहते.

तणनाशकाला माझा सरसकट विरोध नाही, परंतु ग्लायफोसेटसारखे औषध हिरव्या पानातून शिरून मुळापर्यंत जाते आणि गवत कोणते, गुलाब कोणता, हे त्याला कळत नाही. वाऱ्याने उडालेले तुषारही गुलाबाला पुरतात. केवळ गवतवर्गीय तणांवर चालणारी निवडक औषधेही असतात, पण ती लव्हाळ्यावर चालत नाहीत, हे न कळल्यामुळे अनेकांचे पैसे वाया जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात केली, तर अनेक देशांच्या नियामक संस्थांचे मत तसे नाही. दोन वाफ्यांसाठी त्या वादात पडण्याची गरज मला दिसत नाही.

प्रश्न : हिरवळीचे गवत शेजारच्या वाफ्यात शिरते. ते कसे अडवावे? शिवाय उपटलेले गवत कंपोस्टच्या खड्ड्यात टाकले तर चालेल का?

उत्तर : हिरवळ आणि वाफा यांच्यामध्ये १५ ते २० सेंटिमीटर खोल, उभ्या कडेचा चर काढून तो मोकळा ठेवावा, किंवा तितकीच खोल पट्टी गाडून तिची वरची कड जमिनीच्या दोन बोटे वर ठेवावी; अन्यथा सरपटणारे धुमारे तिच्यावरून ओलांडून येतात. बी न धरलेले हंगामी गवत खुशाल कंपोस्टमध्ये टाकावे. काश्या आणि गाठी मात्र पुरेशा न तापणाऱ्या घरगुती खड्ड्यात जगतात आणि खताबरोबर परत वाफ्यात येतात, म्हणून त्या फरशीवर पसरून, मोडल्यावर कट्कन आवाज येईपर्यंत उन्हात वाळवाव्यात आणि मगच खड्ड्यात टाकाव्यात.