थंडरबोल्ट कशाला, यूएसबी बास की!

प्रश्न (खानापूर) : आमच्या भजनी मंडळाला आषाढीआधी पाच-सहा अभंग लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचेत. गायक, पेटी, पखवाज आणि टाळकरी मिळून चार माइक. दुकानदार म्हणतो, माइक लॅपटॉपला जोडणारा डबा (इंटरफेस) एवढ्याला यूएसबीचा पुरत नाही, थंडरबोल्टचा, म्हणजे जास्त वेगाच्या जोडणीचाच घ्या. खरं का?

हिशेबच मांडू. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, म्हणजे सॅम्पल) एका माइकचा डेटा सेकंदाला साधारण १.१५ मेगाबिट होतो. चारांचा ४.६. यूएसबी २.० ची कागदावरची क्षमता ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात त्याच्या निम्मीच मिळाली असं धरलं, तरी शेजारच्या गावातली मंडळंही त्यात बसतील. थंडरबोल्ट वाईट नाही. डझनावारी ट्रॅक आणि इंटरफेसच्या चिपवर चालणारे इफेक्ट असलेल्या स्टुडिओत त्याचे पैसे वसूल होतात. तुम्ही ते पैसे पखवाजाच्या माइकवर घाला. कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा हलक्या माइकमध्ये नुसता बदबद वाजतो.

खरेदीला गेलात की खोक्यावरचं ‘४ इन’ वाचून भुलू नका. बऱ्याचदा त्यातली माइकची सॉकेटं दोनच असतात, बाकीच्या नुसत्या लाइन इनपुट, म्हणजे कीबोर्ड-मिक्सरसारख्या यंत्रांसाठीच्या. एक्सएलआरची, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या केबलची भोकं बोटानं मोजा. चार माइकचे इंटरफेस बहुतेक वेगळ्या अ‍ॅडॉप्टरवर चालतात, हेही तिथंच विचारा. खानापूरच्या पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. दोन माइकचा छोटा इंटरफेस यूएसबीतूनच वीज घेतो, कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्टही त्यातूनच तयार करतो. म्हणजे लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर अभंग तुटत नाही. चार माइकचा घेणार असाल तर इन्व्हर्टरची सोय बघा, नाहीतर दोन माइकवर आधी पेटी-पखवाज आणि मग गायक असं दोनदा घ्या. भजनाची खरी रंगत एकत्र बसण्यात असते, त्यामुळे मी पहिला पर्याय घेईन.

प्रश्न (निपाणी) : गाताना हेडफोनमध्ये माझाच आवाज मागून येतो. महागडी केबल घेतली, फरक शून्य.

केबलचा यात काही संबंध नाही. लॅपटॉप आवाज तुकड्या-तुकड्यांनी घेतो. त्या तुकड्याचा आकार म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झवर ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे जवळजवळ ११ मिलिसेकंद, आणि जाताना-येताना मिळून त्याच्या दुपटीच्या वर. तोच १२८ वर आणा, एका बाजूचे पावणेतीनच्या आसपास होतात. विंडोज असेल तर सॉफ्टवेअरमध्ये इंटरफेस कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरानं पोचवणारा) निवडलाय का, ते आधी बघा. आणि इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ बटण असेल तर तेच दाबा, म्हणजे तुमचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट कानात येईल. मात्र सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर दोन-दोन आवाज ऐकू येतील. मिक्सिंगला बसलात की बफर खुशाल १०२४ करा.

प्रश्न (चिकोडी) : कोल्हापूरच्या मामेभावाकडं जुना फायरवायर (यूएसबीसारखीच एक जुनी जोडणी) इंटरफेस आहे, आठ माइकचा. फुकट देतोय. घेऊ?

नवा लॅपटॉप असेल तर नको. फायरवायरचं पोर्ट आता येत नाही. यूएसबीला फायरवायर जोडणारी स्वस्त पट्टी मिळते, ती या कामाला चालत नाही. मॅकला अ‍ॅडॉप्टरला अ‍ॅडॉप्टर लावून जमवायचे; मॅकओएसच्या २०२५च्या आवृत्तीपासून तेही बंद झालं, आणि त्याआधीच्या आवृत्तीवरही जुन्या यंत्राचा ड्रायव्हर चालायला हवा. मामेभावाकडं तो इंटरफेस ज्यावर चालायचा तो जुना लॅपटॉपही पडून असेल तर मात्र दोन्ही उचला, आणि त्या लॅपटॉपवर काहीही अपडेट करू नका.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : चार्जर लावला की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज. काढला की गप्प. यूएसबी-सी घेतलं तर जाईल?

नाही जाणार. यूएसबी-सी हा नुसता टोकाचा आकार, आतून बऱ्याचदा तेच यूएसबी २.० असतं. हा घोळ अर्थिंगचा. चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या पत्र्यावरून बोट हलकेच फिरवा. झिणझिण्या आल्या तर घरातलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, जुन्या घरांत ते नसतंच कित्येकदा. लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. स्पीकरला बॅलन्स्ड (बाहेरचा गोंगाट वगळणारं, तीन तारांचं) इनपुट असेल तर इंटरफेसपासून तिथवर बॅलन्स्ड केबल टाका. इतक्यात बहुतेकांचं भागतं. तोवर टेक घेताना चार्जर काढून ठेवा. आवाज जावा म्हणून प्लगची अर्थिंगची जाड पिन कापतात काहीजण. ते करू नका, शॉक बसेल.