गव्हाला पाणी आणि युरिया वाढवला तर जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढतो का?

सेंद्रिय कर्ब म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून, शेणखतातून जमिनीत साठलेला कार्बन. तो थोडा वाढू शकतो, पण पाण्या-युरियाच्या जोरावर फार नाही. पाणी आणि नत्र मिळालं की ताटं जोमदार होतात, मुळं जास्त पसरतात आणि जमिनीत जाणारा काडीकचरा वाढतो. मात्र ओल आणि ऊब मिळाली की तो कुजवणारे जिवाणूही जोरात कामाला लागतात. आपल्याकडे मार्चनंतरच्या उन्हात तर कर्ब झपाट्याने उडतो. शिल्लक राहते ती जमिनीत जाणारा आणि कुजून उडणारा कर्ब यांतली तफावत.

सगळ्यात बोलका पुरावा इंग्लंडमधल्या रोथमस्टेड या शेती संशोधन केंद्राचा. तिथे 1843 पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. दरवर्षी हेक्टरी 35 टन शेणखत मिळालेल्या वाफ्यात, फक्त रासायनिक खत दिलेल्या वाफ्यांच्या दुपटीहून अधिक कर्ब साठला. बिनखताच्या आणि रासायनिक खताच्या वाफ्यांत फरक आहे, पण किरकोळ. एवढं शेणखत आज कुणाला परवडणार, हे खरंच. तरी दिशा स्पष्ट आहे.

मोकाट पाणी देऊन वर युरिया फेकला, तर साचलेल्या ओलीत नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापवणारा, म्हणजे साठवलेल्या कर्बाचा फायदा तिथेच खर्ची पडतो. म्हणून युरिया हप्त्यांनी द्या. पेरणीनंतर साधारण 21 दिवसांनी मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी मुख्य मुळं) फुटतात, तेव्हाचं पाणी चुकवू नका, आणि कृपा करून धसकटं पेटवू नका.