"सोलापूरला पाठवून देते" ही धमकी आधी बंद करा

परवा भाकरी थापत होते नि बर्मिंगहॅमच्या मावसबहिणीचा व्हिडिओ कॉल, रडूनच बोलत होती. चौदा वर्षांच्या पोराच्या दप्तरात पीटीच्या कपड्यांखाली टॉवेलात गुंडाळलेली घरातलीच भाजीची सुरी सापडली. आणि बाईसाहेबांनी पहिलं वाक्य काय टाकलं, तर उद्याच तिकीट काढते, आजीकडे सोलापूरला पाठवून देते! झालं, पोरगं गप्प. (आमचं सोलापूर काय काळ्या पाण्याची शिक्षा आहे का ओ?)

मी म्हटलं आधी तव्याखालचा गॅस बंद करते, मग बोलू. असल्या वयातली बरीच पोरं भीतीपोटी सुरी ठेवतात, गुंडगिरीसाठी नाही. म्हणून "का ठेवलीस" विचारू नका, "कुणाची भीती वाटते, कुठल्या बसस्टॉपवर" असं विचारा, तेही समोर बसवून नाही, गाडीत किंवा भांडी पुसताना. दोन दिवसांनी याने सांगितलं, शाळा सुटल्यावर तीन मोठी पोरं मोबाईल मागतात. मग बहीण शाळेत जाऊन सेफगार्डिंगवाल्या (मुलांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या) मॅडमना भेटली, त्याची घरी निघायची वेळ बदलली, आता एक मित्र सोबत असतो.

कायदा पण पोराला नीट सांगा. इंग्लंडमध्ये योग्य कारण नसताना चाकू घेऊन फिरणं गुन्हा आहे, आणि "सेफ्टीसाठी" हे कारण धरलंच जात नाही. मोठ्यांना ४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, नि तिथे १० वर्षांपासूनच मुलावर गुन्हा दाखल होऊ शकतो. घडी होणारं, लॉक न होणारं, ३ इंचांपर्यंतचं पातं तेवढं चालतं. झोंबी-स्टाइल चाकू (भीतीदायक दिसणारे, मोठ्या टोकदार पात्याचे) तर २०२४ च्या सप्टेंबरपासून घरात ठेवायलाही बंदी. शिवाय आपलीच सुरी हिसकावून आपल्यावरच चालली तर?

पोराला दुसऱ्या कुणाबद्दल सांगायचं असेल तर नाव न देता सांगता येतं, गुन्ह्यांची माहिती घेणारी क्राइमस्टॉपर्स संस्था, ०८०० ५५५ १११, मुलांसाठी त्यांचीच फियरलेस ही सेवा आहे. कुणाला लागलंच तर तिथला इमर्जन्सी नंबर ९९९, जखमेवर कापड घट्ट दाबायचं, रुतलेला चाकू मात्र ओढायचा नाही.

आणि आयांनो, डब्यात पेरू नि सोबत सुरी देता ना, ते पण बंद करा, फोडी घरूनच करून द्या. बहिणीकडे हेच चालायचं, पोराला सुरी न्यायची सवय तिथूनच लागली असं तीच आता कबूल करते.