लेक साइटवरून रात्री साडेदहाला येते, यासाठी फी भरली का?

नमस्कार ताई,

पत्र वाचलं. लेक पुण्यात इंटिरियर डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इंटर्नशिप चालू आहे, आणि गेल्या आठवड्यात एका फ्लॅटच्या इन्स्टॉलेशनला सकाळी साडेआठला गेलेली पोरगी रात्री साडेदहाला पीजीवर आली, केसात भुसा, फोनवर रडली आणि म्हणाली मी काय मुकादम आहे का. तिच्या बाबांचं म्हणणं की सुतारांच्या मागे उभंच राहायचं असेल तर अजून वेळ गेली नाहीये, एमबीएची तयारी करू दे. आणि तुम्हाला विचारायचंय की हे नेहमीच असं असतं की हे ऑफिसच वाईट आहे.

नेहमी असंच असतं, थोडंफार. ऑफिसबद्दल मात्र माझी एक तक्रार आहे, ती खाली लिहिते.

काउन्सेलिंगला यायच्या आधी मी बरीच वर्षं साइटवर काढलीत म्हणून सांगते, रीलमध्ये दिसतं ते इन्स्टॉलेशन म्हणजे कुशन, कुंड्या, भिंतीवर फ्रेम. ते शेवटचे दोन तास असतात हो. खरं इन्स्टॉलेशन म्हणजे फॅक्टरीतून कापून आलेलं वॉर्डरोब, ट्रॉल्या, टीव्ही युनिट हे सगळं टेम्पोतून उतरवून घरात बसवणं, आणि 'इन्स्टॉलेशन डे' म्हणतात पण टू बीएचकेचं किचन-वॉर्डरोब एका दिवसात कधीच होत नाही.

सकाळची वरात गेटवरच अडते. गेटपास नाही, सेक्रेटरी फोन उचलत नाहीत, सर्व्हिस लिफ्टमध्ये आठ फुटी शटर (कपाटाचं दार) जात नाही म्हणून ते जिन्याने चढवायचं आणि वर चढवण्याचे पैसे कोण देणार यावर हमालांशी घासाघीस. मग पॅकिंग लिस्ट घेऊन प्रत्येक पॅनलवरचा स्टिकर मिळवून बघायचा, कुठला कमी आलाय, कुणाची एज बँड, म्हणजे कडेला चिकटवलेली पट्टी, उखडलीये. दुपारी दोन ते चार बऱ्याच सोसायट्यांत ड्रिल बंद, म्हणजे आवाजाची कामं आधी उरकायची. नेमकी तेव्हाच बिजागरी कमी पडते आणि पोऱ्याला टू-व्हीलरवर भवानी पेठेत पिटाळावं लागतं. एकाचा पायपोस एकाच्या पायात नसतो, आणि त्या गोंधळात कुणीतरी एकाने डोकं शांत ठेवून पुढे काय ते सांगायचं असतं. तुमच्या लेकीला जे मुकादमाचं वाटलं ना, ते हे.

आता डिझाइन यात कुठे येतं ते सांगते. समजा दोन भिंतींच्या मध्ये वॉर्डरोब बसवायचंय. ड्रॉइंगमध्ये रुंदी २४०० एमएम. भिंत ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी, असती तर प्रश्नच नव्हता, पण ती नसते, त्यामुळे खाली २४०० आणि वर छताजवळ २३८८ भरते, म्हणजे सुताराच्या भाषेत चार सूत कमी (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन एमएमच्या आसपास, कॉलेजात सगळं एमएममध्ये शिकवतात आणि साइटवर सूत चालतं, पोरं पहिले काही दिवस नुसती बघत बसतात). मापं घेताना ज्याने वर, मध्ये, खाली अशी तिन्ही ठिकाणी टेप लावून सगळ्यात कमी माप धरलं आणि कडेला फिलर पट्टीची (उरलेली फट झाकणाऱ्या पट्टीची) जागा सोडली, त्याचं युनिट आत जातं, मग ती पट्टी भिंतीच्या वाकड्या रेषेप्रमाणे रंधून बसवली की कुणाला काही कळत पण नाही. ज्याने एकाच ठिकाणी मोजलं त्याचं युनिट अर्ध्यात अडकतं आणि मग चार जण डिझायनरच्या तोंडाकडे बघतात. फरशीचं पण तसंच, लेझरने सगळ्यात उंच जागा शोधून तिथून लेव्हल धरायची. तसं नाही केलं तर बसवलेली शटर एका रेषेत दिसत नाहीत, गॅप वरती एक आणि खालती एक. हे सगळं कॉम्प्युटरवर दिसत नाही ओ, तिथे भिंती सरळच असतात.

आणि संध्याकाळी घरमालक येतात. घरभर भुसा, प्लास्टिक, अर्धी शटर लावलेली, आणि पहिला प्रश्न, "हाच रंग ठरला होता का?" लॅमिनेटचा, म्हणजे शटरवर चिकटवतात त्या रंगीत शीटचा, नमुना त्यांनी दुकानात तळहाताएवढा बघितलेला असतो, इथे तोच आठ फूट उंच, वरून पिवळा बल्ब. तेव्हा वाद न घालता खिडकीपाशी नेऊन नमुना शटरला लावून दाखवायचा. सासूबाईंना ओटा उंच वाटतो, त्यांचं पण ऐकायचं. त्यात परवा वास्तुशांत, पाहुण्यांना आमंत्रणं गेलेली, तारीख हलत नाही. तिथे तोंडाला फेस येतो खरा.

आता ऑफिसबद्दल. बहुतेक सोसायट्या संध्याकाळी सहा-सातला काम बंद करायला लावतात, मग साडेदहा कसे वाजले? हँडल लावणं, ड्रॉवरचे चॅनेल सेट करणं, साफसफाई असली आवाज नसलेली कामं मुहूर्तासाठी रात्री उरकली असणार. चालतं ते, पण तेव्हा साइटवर ऑफिसचं दुसरं कोणी होतं की इंटर्न एकटी होती हे तिला विचारा. एकटी असेल तर ते चूक आहे. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुखरूप घरी पोचवायची सोय लागते. इंटर्नला तो अक्षरशः लागू होतो का यावर भांडत बसू नका, पण कॉलेजच्या इंटर्नशिप कोऑर्डिनेटरने ऑफिसला फोन करून आठवण करून द्यायला तेवढं पुरतं. आणि बाथरूमची सोय. नव्या बिल्डिंगमध्ये ती बऱ्याचदा नसते, मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे कोणी बोलत नाही म्हणून मी लिहिते, तिला हे उघड विचारायला सांगा.

बाकी ती कशासाठी रडली ते नीट काढून घ्या. दमली म्हणून रडली असेल तर झोपली की निम्मं जातं. कोणी सगळ्यांसमोर ओरडलं किंवा सुतार ऐकेना म्हणून रडली असेल तर ते जमायला वर्ष-दोन वर्षं लागतात, सगळ्यांना लागतात, हिंदीत ठामपणे बोलता येणं हा पण त्याचाच भाग. पण तिला माणसांशी रोजची झटापट मुळातच नको असेल, एकटीने शांत बसून ड्रॉइंग नाहीतर थ्रीडी करण्यात जीव रमत असेल, तर ती कामं याच फील्डमध्ये आहेत, मोठ्या कंपन्यांत डिझाइन करणारे आणि साइट सांभाळणारे वेगळे असतात. तरी साइट पूर्ण टाळू नये असं माझं मत. आर्किटेक्टला १९७२च्या कायद्याप्रमाणे कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असतं, इंटिरियर डिझायनरला तसं काही नाही, उद्या स्वतःचं काम करायचं म्हटलं तर लोक विचारणार कुठलं घर केलंस, दाखव.

एमबीएचा फॉर्म आत्ता नको. इंटर्नशिप संपेपर्यंत तिने ऑफिसच्या सरांकडे एकच मागावं, कुठलंही छोटं काम चालेल, एक बेडरूमसुद्धा, पण माप घेण्यापासून चावी देईपर्यंत तिलाच द्या, म्हणजे स्वतः घेतलेल्या मापाचं कपाट भिंतीत जाताना तिला बघायला मिळेल. ते झालं की तिलाच मला लिहायला सांगा, मग एमबीएचं बोलू. आणि बाबांना एकदा पुण्याला जाऊन साइट बघून येऊ द्या, शक्यतो सकाळी, टेम्पो यायच्या वेळेला.